जॉबकार्ड नसलेली गाडी



जोधपूरच्या दिवसांबद्दल लिही, असं एका जुन्या सोबत्यानं फोनवर सांगितलं. उन्हाबद्दल आणि धुळीबद्दल सगळेच लिहितात. मी तिथे बांधलेल्या गाडीबद्दल लिहितो. दोन सीट, वर टप नाही, दारं नाहीत, आणि नंबरप्लेटही नाही. ती का नाही ते पुढे येईल.

उघड्या गाडीचं वेड मला फौजेनंच लावलं. सिकंदराबादला रंगरूट असताना वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक म्हातारी जोंगा उभी असायची. जोंगा म्हणजे जबलपूरच्या कारखान्यात पूर्वी बनत असलेली, मुळात निसान पेट्रोलच्या नमुन्यावरची गाडी. तिची पुढची काच बोनेटवर आडवी पाडता येते. एकदा उस्तादांनी तशीच काच पाडून मला शेजारी बसवलं आणि ट्रेनिंग एरियात एक फेरी मारली. साताऱ्याहून आलेला अठरा वर्षांचा पोरगा, तोंडावर वारा, डोळ्यांत धूळ. त्यानंतर बंद गाडीत बसलं की मला खोलीत बसल्यासारखं वाटतं.

स्वतः गाडी बांधायची कल्पना मात्र माझी नाही. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरनं १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी उभी केली. पुढे १९५७ साली त्याच्या लोटस कंपनीनं ‘सेव्हन’ नावाची बिनटपाची छोटी गाडी काढली. पातळ पाइपांचा सांगाडा, त्यावर पत्रा, पुढे इंजिन, मागे चाकांना ताकद, बाकी काही नाही. ती सुट्या भागांतही मिळायची, लोक घरी जोडायचे. १९९६ साली रॉन चॅम्पियन या शिक्षकाचं एक पुस्तक आलं. भंगारातल्या गाडीचे भाग वापरून तशीच गाडी घरी कशी बांधायची, त्याचं. तेव्हापासून जगभर हौशी लोकांनी आपापल्या देशात मिळेल त्या भंगारातून अशा गाड्या बांधल्या. आपल्याकडच्या भंगारात काय मिळतं? ऑम्नी.

हसू नका. ऑम्नीचं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, मारुती ८०० चंच. पण ८०० मध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. ऑम्नीत ते उभं बसतं, मागे गिअरबॉक्स, मग प्रॉपेलर शाफ्ट, मग मागचा सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. म्हणजे चॅपमनच्या गाडीला जी मांडणी लागते ती आयती. ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आत, हे खरं. पण गाडी हलकी केली तर तेवढी पुरते.

बासनीच्या औद्योगिक भागात एक वेल्डिंगवाला मिस्त्री ओळखीचा झाला होता. कूलरचे स्टँड आणि गेट बनवायचा. त्याच्या शेडचा एक कोपरा रविवारपुरता मिळाला. कागद रद्द झालेली ऑम्नी अठरा हजारांत घेतली, पावतीसकट. साहेबांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, “सरकारी एक स्प्लिट पिनसुद्धा त्यात दिसता कामा नये.” दिसली नाही. टॉर्क रेंचसुद्धा जुन्या बाजारातून माझ्या पैशानं घेतला. घरची मंडळी म्हणाली, “लोक पोस्टिंगला फ्रिज घेतात, तुम्ही भंगार घेतलंत.”

सांगाडा २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा, जाडी १.६ मिलिमीटर. एवढ्या पातळ पाइपाला रॉड वेल्डिंग लावलं की भोक पडतं, म्हणून मिस्त्रीचं सीओटू मशीन. आधी जाड प्लायवर पूर्ण मापाचा नकाशा काढला. पाइप त्यावर मांडले, गुण्या लावला, नुसते टाके मारले. दोन्ही कर्ण मोजले. चार मिलिमीटरचा फरक निघाला, टाके तोडले, पुन्हा मारले. सगळा सांगाडा टाक्यांवर उभा राहिल्याशिवाय पूर्ण वेल्डिंग करायचं नाही, आणि करताना एकदा इकडे, एकदा तिकडे. एकाच बाजूनं करत गेलात तर लोखंड तापून ओढतं आणि सांगाडा केळ्यासारखा वाकतो. चौकोनात तिरका पाइप घातला की चौकोन हलत नाही. गाडीची सगळी ताकद त्या तिरक्या पाइपांत असते. मिस्त्रीला हे पटायला वेळ लागला. गेटला तिरकी पट्टी तो आयुष्यभर मारत आला होता, पण ती शोभेची समजून.

ऑम्नीचे पुढचे स्ट्रट उंच. लोटसच्या नाकात ते मावेनात. नवे आर्म बनवायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून स्ट्रट तसेच ठेवले आणि वर दोन उंचवटे आले. गाडी पुढून वशिंड असलेल्या बैलासारखी दिसायला लागली. गिअरच्या दांड्या उलट बाजूला आणाव्या लागल्या, त्यामुळे पहिला गिअर मागे आणि दुसरा पुढे. मागचा भार कमी झाला म्हणून पाट्यातलं एक पान काढलं. प्रॉपेलर शाफ्ट लांब करून, बॅलन्स करून आणली. हे सगळं दोन ओळींत लिहिलं, पण त्यात चौदा महिन्यांचे रविवार गेले.

ब्रेकची हवा काढायला एकट्याचं काम नाही. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. तिला पेडलवर बसवलं. मी चाकाशी निप्पल सैल करायचो आणि ओरडायचो, “दाब. धर.” मग निप्पल बंद करून, “सोड.” चारही चाकांचं झालं तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, पहिली फेरी माझी.” मी हो म्हटलं.

नंबरप्लेटचं आता सांगतो, कारण हे वाचून कुणी रस्त्यावर उतरायला नको. सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायची तर नोंदणी हवी आणि नव्या गाडीच्या नोंदणीआधी नमुना तपासणी हवी. ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात, आणि ती व्यवस्था कारखानदारांसाठी आहे. ऑम्नीच्या जुन्या नंबरवर ही गाडी खपवणं म्हणजे फसवणूक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावट बदलायलाच मनाई करतं, इथे तर अख्खी गाडी बदलली होती. म्हणून गाडी टेम्पोत घालून मिस्त्रीच्या ओळखीच्या एका बिश्नोई शेतकऱ्याच्या पडीक रानात न्यायची ठरली. कडक, सपाट जमीन, मध्ये दोन-चार खेजडीची झाडं. त्यांची एकच अट: चिंकारा दिसला की इंजिन बंद. बिश्नोई माणसाच्या रानात हरणाचा मान पहिला.

वाटेत वजनकाट्यावर टेम्पो रिकामा आणि भरलेला तोलला. फरक ४९० किलो. मूळ ऑम्नी साडेसातशेच्या वर असते. मी काट्यावरच नाचलो.

तोवर माझी पोस्टिंग ऑर्डर आली होती. हातात तीन आठवडे. आधी ठरलेला मुलूखही नाही, थेट ईशान्येकडे. म्हणून त्या रविवारी सगळ्यांना बोलावलं. मिस्त्रीचं कुटुंब, युनिटचे चार सोबती, घरून लाडू. आणि उस्तादांना. लेहला माझ्या पहिल्या वर्कशॉपात ज्यांनी मला पाना धरायला शिकवला ते हवालदार उस्ताद रिटायर होऊन जोधपूरजवळच्याच गावी राहत होते. सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मला वाटलं, खूश होतील.

ते आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “जॉबकार्ड?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

ज्यांनी फौजेची वर्कशॉप पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गाडी दुरुस्त होते तेव्हा काय काम झालं ते कागदावर चढतं. आणि ज्यानं काम केलं तो ती पास करत नाही. तपासणारा वेगळा. वीस वर्षं मी या दोन सह्यांमध्ये जगलो होतो, कधी ही सही माझी, कधी ती. या गाडीवर एकच माणूस होता. बांधणारा मी, तपासणारा मी, खूश होणारा मी.

उस्तादांनी जॅक मागितला. पुढचं चाक हवेत लोंबतं ठेवून स्टीअरिंग एका टोकाला पूर्ण वळवलं. ब्रेकचा होज रिमला घासत होता. जमिनीवर चाक असताना ते कधीच दिसलं नसतं. बरं, हे तासाभराचं काम होतं. मग ते सांगाड्याखाली गेले आणि स्टीअरिंगच्या दांड्यावर बोट ठेवलं.

“ये क्या है?”

ऑम्नीची कॉलम, खाली ८०० चा रॅक. दोन्हींचे दाते जुळेनात, म्हणून मी दोन दांडे कापून, वर बाही चढवून वेल्ड केले होते आणि काळा रंग दिला होता. वेल्डिंग मीच केलं होतं, आणि छान दिसत होतं.

त्यांनी कानशीनं रंग खरवडला. पाहिलं. उठून धोतर झटकलं. “वेल्डिंग पे भरोसा है तो खुद बैठ. बच्ची को मत बैठा.” आणि थोड्या वेळानं, “खुद भी मत बैठ.”

मला राग आला. खरं सांगतो, वडीलधाऱ्या माणसावर इतका राग मला कधी आला नव्हता. चार सोबती बघत होते, पोरगी हेल्मेट घालून उभी होती. तीन आठवड्यांत दोन रविवार उरत होते. पन्नास मीटर तर चालवायची होती. मी किल्लीला हातही लावला. पण त्यांच्यासमोर फिरवता आली नाही. गाडी टेम्पोत परत चढवली. लाडू वाटले. परतीच्या वाटेवर मुलगी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तो दांडा कापून काढला, शेडमधल्या वाइसमध्ये धरला आणि दुसऱ्या टोकाला हातभर लांब पाइप लावून पीळ दिला. त्यांना चुकीचं ठरवायचं होतं मला, दुसरं काही नाही. पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला शिवण उघडली. आत वेल्डिंग स्पंजासारखं होतं, बारीक बारीक छिद्रं. वरून चकचकीत, आत धातू धातूला लागलेलाच नाही. मिस्त्रीनं तो तुकडा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि चहा सांगितला.

पुढचे दहा दिवस ड्यूटी संपली की टर्नरकडे. एकसंध दांडा, दोन्ही टोकांना दाते पाडलेले, मधे युनिव्हर्सल जॉइंट, आरपार बोल्ट, लॉक नट. कुठेही वेल्डिंग नाही. होजला नवी कंस-पट्टी. मग एका वहीच्या पानावर जॉबकार्ड लिहिलं. स्टीअरिंग, ब्रेक, चाकांचे नट, सीट बेल्ट, अ‍ॅक्सिलरेटरची परतीची स्प्रिंग. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने. पहिल्यात माझी सही. उस्तादांच्या गावी गेलो आणि पान पुढे केलं. ते म्हणाले, “पहले दिखा.”

शेवटच्या रविवारी कुणाला बोलावलं नाही. मिस्त्री, उस्ताद, मुलगी आणि मी. तासभर तपासणी झाली. मग त्यांनी प्रत्येक ओळीवर सही केली, पूर्ण नाव आणि जुन्या आर्मी नंबरासकट.

आधी मी एकटा. बूड जमिनीपासून वीतभर वर. हात बाहेर काढला तर माती हाताला लागेल. स्पीडोमीटर नव्हता. चाळीसच्या वर गेलो नसेन, पण वाटलं शंभर. पुढची दोन्ही चाकं उघडी, डोळ्यांसमोर वळताना दिसत होती, आणि मी स्टीअरिंग जरा फिरवलं की ती जरा फिरत होती. तेवढंच मी बघत होतो. दुसरा गिअर टाकायला हात मागे नेला, चुकला, खर्रकन आवाज. मिस्त्री लांबून हसला.

मग मुलगी बसली. बेल्ट उस्तादांनी बांधला. दोन फेऱ्या झाल्या आणि तिसऱ्या वळणावर खेजडीखाली तीन चिंकारे उभे. मी इंजिन बंद केलं, गाडी धुळीत थांबली. ते आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे. “पप्पा,” ती कुजबुजली, “ब्रेक मी केलेत ना?” मी म्हटलं, “हो.” हरणं जायला दहा मिनिटं लागली.

त्याच आठवड्यात गाडी सुटी केली. बांधायला चौदा महिने, सोडवायला दोन संध्याकाळी. सांगाडा, इंजिन, अ‍ॅक्सल स्वखर्चानं ट्रकनं गावी पाठवले. तुटलेला तो दांडा माझ्या काळ्या पेटीत आहे. इथे नवीन पोरं आली की त्यांच्या हातात देतो आणि वेल्डिंग कसं वाटतं विचारतो. बहुतेक जण म्हणतात, छान आहे.

गाडी आता आमच्या गोठ्यात आहे. परवा दादांचा फोन आला. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली आहे. “पिल्लं निघेस्तोवर गाडीला हात लावायचा न्हाई,” म्हणाले. एकवीस दिवस लागतात. सुट्टी मंजूर झाली तर मी तेविसाव्या दिवशी पोचतो.