बर्मिंगहॅमच्या पाहुण्याची मतं

यंदाच्या थंडीत आमच्या शेजारच्या चाचांकडे पाहुणा आला होता. त्यांच्या बहिणीचा मुलगा. जन्म बर्मिंगहॅमचा, वय तिशीच्या आसपास, पासपोर्ट ब्रिटिश. आईने घरात कोकणी टिकवली म्हणून बोलायला अडत नाही, फक्त वाक्य इंग्रजीत सुरू होतं आणि कोकणीत संपतं. पंधरा दिवस राहिला आणि तेवढ्यात म्हसळ्यातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर मत देऊन गेला.

पहिलं मत गाडीतून उतरल्या उतरल्या, पाणी पिण्याआधीच. मुंबई विमानतळावरून निघालेला माणूस, इंदापूर आणि माणगावला अडकून, मग घोणसे घाटातली वळणं खाऊन हिरवा-पिवळा होऊन पोहोचला होता. चाचांना विचारलं, ‘मामू, हा मुंबई-गोवा रस्ता कधीपासून बांधतायत?’

चाचा म्हणाले, ‘२०११ पासून.’

तो जो हसायला लागला, तो थांबेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर हीच बातमी. ‘बघा, इंग्लंडवाला पण हसला आपल्या रस्त्याला!’ मला गंमत वाटली. पळस्पे ते इंदापूर या पट्ट्यावर चौदा-पंधरा वर्षं आपण शिव्या घालतोय, पत्रकारांनी लिहिलं, लोक कोर्टात गेले, गणपतीला येणारे चाकरमानी दरवर्षी रडतात. त्याचं कुणाला काही नाही. पण ब्रिटिश पासपोर्टवाला एकदा हसला की ते प्रमाणपत्र!

संध्याकाळी तो ओट्यावर भेटला तेव्हा मी म्हटलं, ‘बाबा, तुमच्या त्या हायस्पीड रेल्वेचं काय झालं? तुमच्या बर्मिंगहॅमलाच येणार होती ना?’

त्याचा चेहरा पडला. ‘काका, तुम्हाला एचएस-टू माहिती आहे?’

माहिती असणारच. आपल्या रस्त्यावर अडकलेला माणूस दुसऱ्यांचे अडकलेले प्रकल्प आवडीने वाचतो. लंडन ते बर्मिंगहॅम आणि पुढे मँचेस्टर, लीड्स अशी ही रेल्वे. घोषणा २०१० च्या सुमाराची. पहिला टप्पा २०२६ ला सुरू व्हायचा होता. २०२३ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान सुनक यांनी बर्मिंगहॅमच्या पुढचा मार्गच रद्द केला. आणि २०२५ च्या जूनमध्ये त्यांच्या परिवहनमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की २०३३ सुद्धा जमणार नाही.

मग त्यानेच मला वटवाघळांची गोष्ट सांगितली. बकिंगहॅमशायरमध्ये एका जंगलाच्या कडेने ही लाईन जाते. तिथली दुर्मीळ वटवाघळं गाडीवर आपटू नयेत म्हणून रुळांवर जवळजवळ एक किलोमीटर लांबीचं छप्पर बांधतायत. खर्च दहा कोटी पौंडांच्या वर, म्हणजे आपले हजार कोटी रुपये सहज पार. ‘इकडे वटवाघळांसाठी काय करतात?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘आमच्याकडे ती वडावर उलटी लटकतात आणि आमच्या चिकूंवर जगतात.’ यावर दोघंही हसलो. त्या दिवसापासून आमची मैत्री जमली.

त्याची बाकीची मतं ऐका. हॉर्न हा इथे गाडीचा भाग नसून बोलीभाषा आहे. कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपतात कारण त्यांना कुणी मारणार नाही ही खात्री आहे, म्हणजे त्यांचा माणसांवर विश्वास आहे. मासेवालीकडे क्यूआर कोड आहे, पण सुट्टे नाहीत. अनोळखी माणूस पहिल्या भेटीत पगार विचारतो आणि दुसऱ्या भेटीत लग्न का नाही केलं ते. चहा इतका गोड की त्याला चहा म्हणायचं की खीर. कचऱ्यावरही बोलला, पण जरा जपून. कारण त्याच्या शहरात २०२५ च्या मार्चपासून कचरा उचलणाऱ्या कामगारांचा बेमुदत संप होता, रस्त्यावर हजारो टन पिशव्या साठल्या होत्या आणि मांजरांएवढे उंदीर फिरत होते, असं त्याचंच म्हणणं. त्याआधी २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या महापालिकेने हिशेब जुळत नाही म्हणून जवळजवळ दिवाळंच जाहीर केलं होतं. ‘आमचं पण काही धड नाही काका,’ म्हणाला.

त्याचा एक प्रश्न मात्र मला अजून टोचतोय. एका दुपारी आम्ही गावात चक्कर मारत होतो. दोन मजली घरं, संगमरवर, लोखंडी गेट, गेटला कुलूप. पुढे तसंच. त्याच्या पुढे तसंच. तो मोजायला लागला आणि एका जागी थांबून म्हणाला, ‘इतकी मोठी घरं बांधली, मग राहतं कोण?’

काय सांगणार? हा सगळा जंजिरा संस्थानचा मुलूख, जुने लोक हबसाण म्हणतात. इथली माणसं बोटीवर गेली, केपटाऊनला गेली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेली, नंतर आखातात, काही ब्रिटनमध्ये. मुंबईच्या गिरण्यांत गेलेली तर घरटी एक. पैसा आला, घर झालं, आणि घर बांधणारा तिकडेच राहिला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा अशा घरांचे पत्रे उडाले, आणि कित्येक घरांत ते उचलायलाही माणूस नव्हता. शेजाऱ्यांनी फोटो काढून परदेशी पाठवले.

हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. गप्प राहिलेला मी त्याला तेवढाच पाहिला.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्या आळीत एक मुलगा आहे. बी.एस्सी. झालाय, दोन वर्षं घरी. त्याच्या आईला कुणीतरी ‘यूके केअर व्हिसा’ करून देणारा माणूस भेटला. म्हाताऱ्यांची सेवा करायची नोकरी, राहायची सोय, पाच वर्षांत कायमचं. बारा लाख सांगितले. अर्धे आधी, अर्धे व्हिसा हातात आल्यावर. बाईंनी पाटल्या आणि मंगळसूत्राचा सर सोनाराकडे नेऊन दाखवलासुद्धा होता.

पाहुणा आलाय म्हटल्यावर मायलेक विचारायला आले. त्याने चहाचा घोट घेत सहज सांगितलं, ‘नका येऊ. तिकडे आता काही राहिलं नाही.’ आणि मग सांगत बसला. घरभाडं, थंडी, सहा-सहा महिने न मिळणारी डॉक्टरची तारीख. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या शहराच्या काही भागांत विजेच्या खांबांवर रातोरात झेंडे लागले. झेंड्याबद्दल तक्रार नाही म्हणाला, तो त्याचाही झेंडा आहे. पण त्या आठवड्यात त्याच्या आईने विचारलं, ‘आज बाजारात जाऊ ना रे?’ चाळीस वर्षं त्याच रस्त्याने बाजारात जाणारी बाई.

मुलाने ऐकून घेतलं. बाहेर पडल्यावर मला म्हणाला, ‘काका, एवढं वाईट आहे तर हा स्वतः का राहतो तिकडे? स्वतः वर चढला आणि आता शिडी ओढतोय.’

बघा, हाच पाहुणा रस्त्याला हसला तेव्हा त्याचं मत आपल्याला ब्रह्मवाक्य. ‘येऊ नका’ म्हणाला तर तो स्वार्थी. मत त्याचंच, माणूस तोच. आपल्याला जे ऐकायचं असतं तेवढंच आपण साहेबाच्या तोंडून ऐकतो. आणि चूक मुलाची एकट्याची नाही. ‘काही राहिलं नाही’ हे पण चहाबरोबरचं मतच होतं. त्यावर कुणी बारा लाखांचा निर्णय का बदलावा?

म्हणून रात्री मी पाहुण्याला परत बोलावलं. म्हटलं, मत नको, नियम काढ. त्याने मोबाईलवर ब्रिटिश सरकारची वेबसाईट उघडली. जे निघालं ते असं.

केअर वर्करसाठी परदेशातून नवीन माणूस घेणं ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून बंद केलंय. २०२२ मध्ये हे दार उघडलं होतं, ते मिटलं. त्याच्याही आधी, ११ मार्च २०२४ पासून, केअर वर्करला बायको-मुलं बरोबर नेता येत नाहीत. इतर कुशल कामाच्या व्हिसासाठी साधारण नियम असा की काम पदवीच्या पातळीचं हवं आणि पगार वर्षाला किमान ४१,७०० पौंड. पाच वर्षांनी कायमचं राहायला मिळण्याचा जो नियम होता, तो दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने आणलाय.

आणखी एक. नोकरी देणाऱ्या कंपनीकडे तिथल्या सरकारचा परवाना लागतो आणि अशा सगळ्या कंपन्यांची यादी सरकार उघड प्रसिद्ध करतं. कुणीही, फुकट, घरबसल्या बघू शकतो. मुलाला दिलेल्या पत्रावरचं नाव आम्ही तीन वेळा वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधलं. नाही सापडलं.

आपल्याकडचा कायदाही आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी आहे की नाही ते केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर दिसतं. आणि नोंदणी असलेल्या एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच शुल्क घेता येतं. बारा लाख नाही. पावतीशिवाय तर एक रुपया नाही.

सकाळी मुलाला आणि त्याच्या आईला हे सगळं स्क्रीनवर दाखवलं. आधी त्यांना पटेना. ‘तो माणूस म्हणाला की त्याची आत ओळख आहे.’ पाहुणा पहिल्यांदाच तोलूनमापून बोलला. म्हणाला, ‘मावशी, तिकडे ओळख असून मला माझ्या आईची ऑपरेशनची तारीख पुढे आणता आली नाही.’

पाटल्या परत कपाटात गेल्या. एवढं चांगलं झालं.

पण उठताना त्या बाईंनी जे विचारलं त्याला उत्तर नव्हतं. ‘तिकडे नाही जायचं, बरं. मग इथे काय करू दे त्याला?’ पाहुण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हसळ्यातल्या कुत्र्यांपासून चहापर्यंत मत असलेला पाहुणा खाली बघत होता. मीही.

नंतर सुचलं ते लिहितो. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात १२ औद्योगिक शहरं मंजूर केली, त्यात आपलं दिघी आहे. दिघी बंदर २०२१ पासून अदानींकडे आहे. दिघीहून माणगावकडे जाणारा महामार्ग म्हसळ्यातूनच जातो. म्हणजे धूळ आपण खाणार, ट्रक आपण मोजणार. मग नोकऱ्या कोणत्या, त्यांना शिक्षण काय लागेल, आणि ते शिक्षण म्हसळा, श्रीवर्धन, तळा, माणगाव इथल्या मुलांना कोण आणि कधी देणार? हे लेखी विचारायला पाहिजे. नगरपंचायतीत, ग्रामसभेत, आमदार-खासदार येतील तेव्हा स्टेजखाली. उत्तर लेखी घ्यायला पाहिजे. नाहीतर वीस वर्षांनी दिघीतही बाहेरची माणसं कामाला असतील आणि आपली बाहेर.

पाहुणा गेला. जाताना चाचांना म्हणाला, पुढच्या वर्षी आईला घेऊन येतो, तिला तिचं घर बघायचंय. घराला कुलूप आहे. किल्ली चाचांकडे असते.

दोन विनंत्या. तुमच्या घरात, वाडीत, मोहल्ल्यात कुणी परदेशी नोकरीसाठी पैसे भरायच्या बेतात असेल तर आधी वरच्या दोन गोष्टी तपासा, येत नसेल तर मला सांगा, आपण बसून बघू. आणि दिघीच्या नोकऱ्यांबद्दल कुणाकडे छापील कागद असेल, ऐकीव गोष्ट नको, कागद, तर तो खाली टाका. त्या बाईंना मला उत्तर द्यायचंय.