तपासणी एकच नसते!

वाचकहो, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही. शौचाचा विषय, तो काढायचा कुणी? आज मी काढते.

आम्ही मूळचे विट्याकडचे. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, साहुकारपेठेत यांचा गलाईचा धंदा, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. भट्टी एक दिवस बंद राहिली की गिऱ्हाईक शेजारच्या दारात. यांनी पन्नाशी ओलांडली तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितलं, "कोलोनोस्कोपी करून घ्या." हे 'हो' म्हणाले आणि दोन वर्षं गेलेच नाहीत. पोट साफ करायचं औषध, गुंगी, सोबतीला माणूस, बुडणारा दिवस आणि वर न बोललेला संकोच!

पुढे एका डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं, "तुम्हाला काय जमेल?" मग दोन वाटा सांगितल्या.

पहिली, शौचाची 'फिट' तपासणी. घरीच छोट्या नळीत नमुना घ्यायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं. पथ्य नाही, पण दरवर्षी करावी लागते. दुसरी, कोलोनोस्कोपी. कॅमेऱ्याने सगळं मोठं आतडं पाहतात, गाठी म्हणजे पॉलिप दिसले तर बहुतेक वेळा तिथेच काढतात. काही निघालं नाही, तर साधारण दहा वर्षं पुन्हा करावी लागत नाही.

मी कोलोनोस्कोपी निवडली. दरवर्षी आठवण कोण ठेवणार? यांनी नळी घेतली. एकाच घरात दोन उत्तरं, आणि बाईंना दोन्ही मान्य!

यांच्या नमुन्यात रक्ताचा अंश निघाला. बाईंनी आधीच बजावलं होतं, असं झालं तर कोलोनोस्कोपी टाळता येणार नाही. रक्त म्हणजे कॅन्सरच असं नव्हे, पण कारण शोधायलाच हवं. दोन वर्षं न गेलेला माणूस आठवड्यात गेला. दोन पॉलिप निघाले, कॅन्सर नव्हता. असे काही पॉलिप वाढत वाढत बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होऊ शकतात.

हे फक्त आमच्याच घरातलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे हजार जणांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त कोलोनोस्कोपी सुचवली, त्यांच्यातल्या ३८ टक्के लोकांनी तपासणी पूर्ण केली. ज्यांना निवड दिली, त्यांच्यात ६९ टक्क्यांनी! जी तपासणी प्रत्यक्षात होते, तीच कामाची.

आपल्याकडे २०१६ पासूनच्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. म्हणून विचारायचं आपणच. अमेरिकेत २०२१ पासून वयाच्या पंचेचाळिशीपासून तपासणी सुचवतात.

मात्र शौचातून रक्त दिसत असेल, वजन विनाकारण घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल, तर निवडीत वेळ घालवू नका, थेट डॉक्टर गाठा. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशांना सहसा लवकर आणि कोलोनोस्कोपीच सुचवतात.

बाकीच्यांनी पुढच्या भेटीत एवढंच विचारा, "माझ्यासाठी दुसरी कोणती तपासणी आहे का?" आणि हो, घरातल्या पुरुषांना हा लेख जरूर पाठवा.