दोन्ही वह्या खऱ्या, तरी हिशेब जुळेना



आज माझ्या एका चुकीबद्दल लिहिते आहे. सुरुवात यंत्रापासून झाली, पण त्यात भर मी घातली.

मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे वारा सुटला की आधी वीज जाते, मग मोबाइलची रेंज. चौथीतला माझा एक विद्यार्थी आईचा फोन घेऊन दुकानात गेला. तांदूळ, तेल, साबण मिळून ३४० रुपये झाले. त्याने क्यूआर कोड स्कॅन करून पैसे पाठवले. फोनवर नुसतं चाक फिरत राहिलं. मग आईच्या खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आला, पण दुकानदारकाकांच्या फोनवर काहीच नाही. "माझ्याकडे आलेच नाय. मेसेज काय, खोटे पण बनवतात हल्ली," असं म्हणून त्यांनी सामान ठेवून घेतलं. रांगेत त्याच्याच वर्गातली दोन मुलं होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला 'खोटारडा' नाव पडलं. मी त्याला जवळ बोलावून विचारलं, "खरं सांग हां, पाठवले होतेस का पैसे?"

"बाई, गेले ओ पैसे. खरंच गेले."

मी नुसतं "बरं" म्हटलं. पण त्या 'बरं'मध्ये विश्वास नव्हता, आणि मुलांना ते लगेच कळतं. पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी ३४० रुपये आईच्या खात्यात परत जमा झाले.

म्हणजे मुलगा खरं बोलत होता. आणि दुकानदारकाकाही खरंच बोलत होते!

हे कसं होतं ते समजून घ्यायला मी बसले, तेव्हा कळलं की फोनवरून पैसे पाठवणं म्हणजे दोन वेगवेगळ्या वह्यांत एकच गोष्ट लिहिणं. एक वही पाठवणाऱ्याच्या बँकेची, दुसरी घेणाऱ्याच्या बँकेची. दोन्ही बँकांचे सर्व्हर वेगळे, बहुतेकदा गावंही वेगळी. मध्ये २०१६ साली सुरू झालेली यूपीआयची यंत्रणा निरोप्याचं काम करते. आधी एका वहीत वजा, मग दुसऱ्या वहीत जमा, मग 'झालं' असा उलट निरोप. यातला एखादा निरोप वाटेत अडकला की दोन वह्यांचा मेळ तुटतो.

मग हे वर्गात करून बघितलं. दोन मुलांना बँका केलं, हातात वह्या दिल्या. एक मुलगी निरोपी. एक मुलगा पैसे पाठवणारा, त्याचं तोंड भिंतीकडे. मी टाळी वाजवली की रेंज गेली, निरोपीने जागेवर बसायचं. पहिल्या वेळी ती पहिल्या बँकेत पोचण्याआधीच टाळी वाजवली. दुसऱ्या वेळी दोन बँकांच्या मध्ये. तिसऱ्या वेळी दोन्ही वह्यांत लिहून झाल्यावर, परत येताना.

वह्या तपासल्या तर तिन्ही वेळा वेगळं चित्र. पण भिंतीकडे तोंड करून बसलेला मुलगा म्हणाला, "बाई, मला तर तिन्ही वेळा सारखंच. कोण आलंच नाय."

सगळी गोम इथेच आहे. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नसतं. झालं किंवा नाही झालं, याशिवाय 'अजून माहीत नाही' हीसुद्धा एक अवस्था असते.

मी विचारलं, "मग परत चिठ्ठी पाठवूया का?" तिसऱ्या खेळात तसं केलं आणि दोन्ही वह्यांत रक्कम दोनदा लिहिली गेली! त्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने तोडगा काढला. चिठ्ठीवर नंबर घालायचा, परत पाठवली तरी नंबर तोच. वहीत तो आधीच असेल तर पुन्हा लिहायचं नाही, फक्त 'झालंय' म्हणून सांगायचं. मोठमोठ्या यंत्रणांतही हीच युक्ती वापरतात.

दुसरी युक्ती आमच्या मुलांना कोकण रेल्वेमुळे पटकन समजली. मार्ग बहुतेक एकेरी. पुढच्या स्टेशनने 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय मागचं स्टेशन गाडी सोडत नाही. संगणकात याला दोन टप्प्यांची पद्धत म्हणतात. जिम ग्रे या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये आपल्या टिपणांत ती मांडली होती. आधी सगळ्यांना विचारायचं, 'तयार आहात का?' सगळे हो म्हणाले तरच 'लिहा' सांगायचं. एक जरी नाही म्हणाला तर कोणीच लिहायचं नाही. यात अडचण एकच. एकदा हो म्हटलं की पुढचा निरोप येईपर्यंत अडकून राहावं लागतं. लाइन क्लिअर दिलेल्या स्टेशनला त्याच रुळावर दुसरी गाडी घेता येत नाही, तसंच. यूपीआयमध्ये आधी वजा करतात आणि पुढे अडलं तर उलट नोंद करून पैसे परत देतात. त्याला वेळ लागतो.

पालकांनी एवढं लक्षात ठेवावं. पैसे कापले गेले आणि पोचले नाहीत तर घाईने परत पाठवू नका. ॲपमध्ये त्या व्यवहाराचा १२ अंकी नंबर असतो, तो लिहून घ्या. दोन्ही बाजूंनी खात्याची नोंद तपासा. तक्रार ॲपमधून किंवा बँकेतच करा, इंटरनेटवर शोधलेल्या नंबरवर फोन नको. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार खात्यातून खात्यात पाठवलेले पैसे अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला देताना अडकले तर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

खेळ घेतला त्या दिवशी तो मुलगाही वर्गात होता. आदल्या संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन आले होते. खेळ संपल्यावर मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "तू खरं बोलत होतास. मी नीट ऐकलं नाही, माझं चुकलं." तो काही बोलला नाही, मान खाली घालून वही उघडून बसला. मधल्या सुट्टीत मात्र मला विचारायला आला, "बाई, उद्या मी निरोपी होऊ?"

तुमच्या वर्गातही हा खेळ घेऊन बघा. तीन-चार मुलं, दोन वह्या आणि एक टाळी पुरते.