मुके झालेले यंत्र

धालोची गीते मुद्रित करण्यासाठी आम्ही शाळेकरिता घेतलेले ध्वनियंत्र आजही धडधाकट आहे. त्याचा एक खटकाही सैल झालेला नाही. पण संगणकाची प्रणाली नवी झाली आणि दोघांचे बोलणेच खुंटले. मधला दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, नव्याने लिहून देणे केवळ उत्पादकाच्या हाती. आमच्या तीन पत्रांना त्याचे उत्तर एकच : नवे यंत्र घ्या! (हा उपाय आम्हांसही सुचला होता.) याउलट, १९८३ साली अनेक कारखानदारांनी मिळून ठरविलेली ‘मिडी’ ही वाद्यांची सांकेतिक बोली पाहावी, त्या काळचे कीबोर्ड आजच्या वाद्यांशीही संवाद साधतात. ती कोणा एकाच्या कुलपात नव्हती.

पौषात मांडावर धालो पुन्हा रंगतील. गाणाऱ्या आजींपैकी दोघी ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांची गीते कोणी लिहून ठेवलेली नाहीत.