अडीच वर्षांच्या पावलांनी माथेरान

लहान मुलांना घेऊन सहलीला जावे की नाही, या प्रश्नावर बहुतेक घरांत दोन पक्ष असतात. ‘मुले मोठी होईपर्यंत घरातच बसायचे का?’ असे विचारणारा एक, आणि ‘बिऱ्हाड पाठीवर घेऊन डोंगर चढायची हौस कोणाला आहे?’ असे विचारणारा दुसरा. पहिल्या पक्षात सामान्यतः घरातला पुरुष असतो. दुसऱ्यात बाई असते. कारण दुपट्यांपासून थर्मासपर्यंत सारे भरायचे, तिकडे गेल्यावर शोधायचे आणि परत आल्यावर धुवायचे, ही तिन्ही खाती तिच्याकडे असतात. माझे मत विचाराल तर जावे. मात्र जागा पाहून जावे आणि खाती वाटून घेऊन जावे.

जागेपुरते बोलायचे, तर मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला माथेरानइतकी सोयीची जागा मला तरी ठाऊक नाही. आमचा थोरला सहा वर्षांचा आणि धाकटी अडीच. या दोघांना घेऊन तीन दिवस तिथे काढले, त्याच्या आधारावर हे सांगते आहे.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली या डोंगरावर आले आणि तेव्हापासून मुंबईकरांना या जागेचा नाद लागला. उंची सुमारे ८०० मीटर. महाबळेश्वरच्या मानाने पुष्कळच कमी. पण आईबापांच्या दृष्टीने इथले वैभव निराळेच आहे. इथे मोटारींना बंदी आहे! रुग्णवाहिकेसारखी निकडीची वाहने सोडली, तर सगळ्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पायी जा, घोड्यावर जा, नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनावरून छोट्या गाडीने जा. डिसेंबर २०२२ पासून थोड्या ई-रिक्षाही आल्या. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली दिला, हे फार बरे झाले.

मोटार नसण्याचा अर्थ तिथे गेल्याखेरीज कळत नाही. शहरात आपण मुलाचे मनगट धरूनच जगतो. फाटकाबाहेर पाऊल पडले की ‘अरे हळू, गाडी येतेय’ हे पालुपद सुरू. माथेरानच्या तांबड्या रस्त्यावर मी धाकटीचा हात सोडला, तेव्हा ती दहा पावले गेली आणि मागे वळून बघू लागली. अजून कोणी ओरडले कसे नाही, याचा तिला अचंबा वाटत होता. मग मात्र तिने त्या रस्त्याचा ताबा घेतला. एक काटकी, दोन हिरडे आणि एक गोल दगड एवढा ऐवज गोळा करीत तिने दोनशे पावलांना पाऊण तास लावला.

आता जाण्याविषयी. नेरळहून निघणारी झुकझुक गाडी हे मुलांचे मोठे आकर्षण. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून ही लाइन उभी राहिली आणि १९०७ साली गाडी सुरू झाली. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. सुमारे एकवीस किलोमीटरच्या प्रवासाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशी मजेदार नावांची स्टेशने वाटेत लागतात. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो आणि पावसानंतर तो कधी सुरू होईल याचा दिवस ठरलेला नसतो. म्हणून दिवाळीत जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. ज्या मुलाला गाडी लागते त्याला पोटभर खायला घालून बसवू नये; कोरडी पोळी किंवा चार बिस्किटे पुरेत. नागमोडी वळणे इतकी आहेत की मोठ्यांच्याही पोटात ढवळते. दोन तास खिडकीत बसणे ज्यांना जमणार नाही अशा लहानग्यांसाठी अमन लॉजपासूनचा छोटा प्रवास उत्तम. गाडीत बसल्याचा आनंद तोच, आणि कंटाळा येण्याच्या आत उतरायचे!

सामानाचा नियम एकच: प्रत्येक मोठ्या माणसाचा एक हात रिकामा राहिला पाहिजे. दारापर्यंत टॅक्सी जात नाही, हे बॅग भरतानाच आठवावे. बाबागाडीची चाके खडबडीत वाटेवर कुरकुरतात, त्यापेक्षा पाठीवर बांधायची झोळी बरी. पांढरे कपडे घरी ठेवावेत. तांबडी माती कोणालाच सोडत नाही. बंद बूट, पातळ स्वेटर, बॅटरी, तापाचे नेहमीचे औषध, जलसंजीवनीची पाकिटे आणि उकळलेले पाणी एवढे हवेच.

माथेरानला तीसहून अधिक पॉइंट आहेत. आमच्या यांनी निघण्यापूर्वीच त्यांतल्या अठरांची यादी करून, वेळांसह, खिशात ठेवली होती. मी एवढेच म्हटले, “अहो, ही यादी धाकटीला वाचून दाखवा आणि तिची सही घ्या.” लहान मुलांसह दिवसाला एक पॉइंट, हे माझे प्रमाण. बाजारपेठेजवळचा खंडाळा पॉइंट पहिल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी शार्लट तलाव. पाण्यात कोणी उतरायचे नाही, काठावर बसायचे. शेजारी पिसारनाथाचे देऊळ आहे, आणि जवळच एको पॉइंट. थोरल्याने तिथे स्वतःचे नाव इतक्या वेळा पुकारले की दरीलाही ते पाठ झाले असेल. तिसऱ्या दिवशी सूर्यास्त. पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय फार सुंदर असतो म्हणतात. पण झोपलेल्या मुलाला अंधारात उठवून पाहण्याइतका सुंदर सूर्योदय मला माहीत नाही. पॅनोरमा काही पळून जात नाही.

सावधगिरी तीन गोष्टींत. पहिली दरी. कठडा सगळीकडे नाही, आणि असला तरी तो आधार मानू नये. कड्यापासून दहा पावलांवर मुलाचा हात पुन्हा हातात घ्यायचा. ‘रस्त्यावर मोकळे, कड्यावर हातात’ हे सूत्र थोरल्याला पहिल्याच दिवशी शिकवले आणि त्याने ते धाकटीवर मोठ्या कडकपणे राबवले. दुसरी माकडे. हातातला खाऊ आणि कागदी पुडी त्यांना लांबून ओळखता येते. म्हणून वाटेत चिक्की काढायची नाही, ती खोलीत. तिसरी घोडे. घोडेवाला लगाम धरून पायी चालणार असेल आणि घोडा चालीनेच जाणार असेल, तरच मुलाला बसवावे. डोक्याला शिरस्त्राण मागून घ्यावे. मिळत नसेल तर घोड्याच्या मानेवर हात फिरवून समाधान मानावे.

राहता राहिली खाती. सहलीत मुले दमतात ती भुकेने आणि झोपेने, डोंगराने नव्हे. घरची जेवणाची आणि दुपारच्या झोपेची वेळ तिथेही पाळली, तर निम्मी रडारड टळते. उरलेली निम्मी टाळायला पाळी हवी. आम्ही दिवसाचे दोन भाग केले. सकाळी उठल्यापासून जेवणापर्यंत मुले यांच्याकडे, दुपारनंतर माझ्याकडे. आणि ज्याची पाळी नाही त्याने सूचना करायच्या नाहीत. हे शेवटचे कलम पाळणे मला फार जड गेले. यांनी धाकटीला फ्रॉक उलटा घातला, केसांना तेल लावायचे राहिले, पण मी व्हरांड्यातल्या खुर्चीत गप्प बसले. एक अख्खी सकाळ! जांभळीच्या पानांतून ऊन खाली उतरत होते, आणि माझा चहा कपात असेपर्यंत गरम होता. लहान मुलांच्या आईला विचारा, असा चहा तिने शेवटचा कधी घेतला होता.

तिकडे यांनाही कळले की धाकटीला दात घासताना गाणे लागते, आणि ‘नको’ याचा अर्थ दर वेळी ‘नको’ नसतो. ही माहिती त्यांना घरी चार भिंतींत मिळाली असती का? शंका आहे. घरी ऑफिस असते, फोन असतो, आणि मुख्य म्हणजे हाकेवर मी असते.

तेव्हा येत्या सुट्टीत जाणार असाल, तर बॅग दोघांनी मिळून भरा. म्हणजे टोपडे कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक राहील. पॉइंटांच्या यादीतले तीन ठेवा, बाकीचे खोडा. परतताना चपला आणि चिक्की घ्याच, ती तिथली रीत आहे. आणि घरी पोचल्यावर मळलेल्या कपड्यांचा तो तांबडा ढीग कोण धुणार, हे मात्र निघण्यापूर्वीच ठरवून टाका. आमच्याकडे ते यांच्या पाळीत आले.