कोणत्याही शाखेचा पदवीधर

नोकरीच्या जाहिरातीतली 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' ही अट मी नीट वाचायला लागलो ते चाळिशी उलटल्यावर. तोवर तिच्याशी माझा संबंधच आला नव्हता. दहावीनंतर छापखान्यात खिळे जुळारी म्हणून लागलो. संगणक आले, शिशाचे खिळे भंगाराच्या भावाने निघाले आणि वाढत्या वयाची मुलं घरात असताना दुसरं काम शोधणं भाग पडलं. पुढे मुद्रितशोधनावर संसार झाला. अशा वयात पेशा बदलणाऱ्याला 'आता पुन्हा शून्यापासून सुरुवात' असं सगळेच सांगतात, सहानुभूतीनेच सांगतात. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आज तर मुळीच पटत नाही. त्याच्याजवळ बरंच काही असतं, फक्त ते मोजायचं माप कुणाकडे नसतं. म्हणून माझं म्हणणं असं की कामाला माणूस घेताना त्या कामाची परीक्षा घ्यावी, पदवी विचारू नये. परीक्षा पंचेचाळिसाव्या वर्षीही देता येते. पदवी मात्र बहुतेक वेळा एवढंच सांगते, की विसाव्या वर्षी या माणसाच्या घरात त्याच्या कमाईवाचून भागत होतं.

ती जाहिरातीतली अट एकदा शब्दशः घेऊन पाहा. संस्कृतचा पदवीधर चालेल, प्राणिशास्त्राचा चालेल, वाणिज्याचाही चालेल. म्हणजे त्या कामाला यातलं एकही शास्त्र लागत नाही, हे जाहिरात देणारा स्वतःच कबूल करतो. मग तीन वर्षांत नेमकं काय कमावलेलं त्याला हवं असतं? उत्तर बहुधा असं येतं की चिकाटी, वेळेची शिस्त, लिहिण्या-वाचण्याची सफाई. ठीक आहे, या गोष्टी लागतातच. पण ज्याने वीस-बावीस वर्षं पाळी चुकवली नाही, त्याच्या चिकाटीचा पुरावा वेगळा कशाला मागायचा? आणि लिहिण्या-वाचण्याची सफाई तर समोर कागद ठेवून अर्ध्या तासात तपासता येते.

खिळे जुळाऱ्याचं कामच जवळून पाहू, कारण ते मला हाताने माहीत आहे. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या केसच्या खणांवर. खिळ्यावरचं अक्षर उलटं, आरशातल्यासारखं. खिळा सरळ बसतोय की नाही हे त्याच्या अंगावरच्या खाचेवरून बोटाला कळतं, डोळ्याला नव्हे. जोडाक्षरं, काना, मात्रा, रफार धरून देवनागरीचे खिळे शेकड्यांनी. छापून झालेलं मॅटर सोडवून प्रत्येक खिळा परत त्याच्याच खणात टाकायचा, एक चुकला तर पुढच्या पानात चूक ठरलेली. हे करताना माणूस नकळत काय काय शिकतो! ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडला तर वाचणाऱ्याला अडखळायला होत नाही, पहिली वेलांटी की दुसरी, लेखकाच्या हस्ताक्षरात 'घ' कुठला आणि 'ध' कुठला, हे सगळं. संगणकाच्या पडद्यावर मजकूर आला तेव्हा नवं होतं ते कळफलक आणि यंत्राची भीती. भाषेचं अंग तेच होतं. हाताला ठाऊक असलेलं डोळ्याकडे सोपवलं की मुद्रितशोधक होतो. हा बदल सगळ्यांना जमला नाही, हेही सांगायला हवं. कुणाची नजर उतरली होती, कुणाला पडद्यासमोर बसायचा धीरच झाला नाही. पण ज्यांना जमला, त्यांना दारातून आत घेतलं ते एका कच्च्या प्रुफाने. ते तपासून दिलं की शिक्षण कुणी विचारत नसे.

यावर पहिला आक्षेप असा, की ही अपवादात्मक माणसांची गोष्ट आहे. नारायण सुर्व्यांचं नाव अशा वेळी हमखास निघतं. गिरणीत काम केलेला, महापालिकेच्या शाळेत शिपाई असलेला माणूस पुढे शिक्षक होतो. सुर्वे कवी म्हणून अपवादच, त्यात शंका नाही. पण त्यांची शिक्षक होण्याची वाट अपवादाची नव्हती. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झालेली माणसं तेव्हा महाराष्ट्रात गावोगाव प्राथमिक शिक्षक होती, आणि ती परीक्षा मोठेपणी देता येत असे. तिशी ओलांडलेल्या कामगाराला एक दार उघडं होतं, एवढाच याचा अर्थ. याउलट 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर काय झालं ते पाहा. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते. ज्यांना परत काम मिळालं नाही, त्यांच्यातले कितीतरी पुढे फेरीवाले झाले, सुरक्षारक्षक झाले. गिरण्या बंद पडण्याची कारणं वेगळी आणि मोठी होती, ती मी पदवीच्या माथी मारत नाही. पण सुताचा ताण बोटाने ओळखणारा, बिघडलेला साचा आवाजावरून ओळखणारा माणूस गेटबाहेर पडला तेव्हा त्याचं कसब दुसऱ्या कुणाला दाखवता येईल अशी सोय नव्हती. ती असती तर सगळे तरले असते असं नाही, पण काही नक्की तरले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिक्षक, डॉक्टर, पूल बांधणारा अभियंता यांना पदवीवाचून कसं घ्यायचं? घेऊच नये. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर प्राथमिक शिक्षकाला पदविका आणि पात्रता परीक्षा दोन्ही लागतात, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे शिक्षण त्या कामाचंच आहे. माझा विरोध कामाशी नातं नसलेल्या पदवीला आहे. तिसरं म्हणणं, मुक्त विद्यापीठ आहे की! नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठीही त्याने वाट ठेवली, आणि मला त्याचा मनापासून आदर आहे. ज्ञानाच्या ओढीने पन्नाशीत पदवी घेणाऱ्याला मी नमस्कारच करीन. पण ज्या नोकरीला कुठलीही पदवी चालते, तिच्यासाठी पंचेचाळिशीच्या माणसाने कुठल्या तरी विषयात तीन वर्षं घालवावीत, हा त्याच्या उरलेल्या उमेदीचा अपव्यय आहे. राहिला ढिगाने येणाऱ्या अर्जांचा प्रश्न. चाळणी लागणारच, हे खरं. मग कामाचीच चाळणी लावावी, टायपिंगच्या परीक्षेत जशी मिनिटाला शब्द मोजण्याची असते.

अट काढली की दर्जा घसरतो, ही भीती मला कळते. प्रवासी आणि मालवाहू वाहनांच्या चालकांना आठवी पासची अट होती. केंद्र सरकारने ती 2019 मध्ये काढली आणि कारण देताना देशात सुमारे 22 लाख चालक कमी आहेत असं सांगितलं. पण त्याच वेळी प्रशिक्षणावर आणि वाहन चालवण्याच्या चाचणीवर भर द्यायचं ठरवलं. गाडी चालवणाऱ्याची गाडीवरच परीक्षा, मला एवढंच हवं आहे. फक्त अशा परीक्षेसाठी शिकताना घर कसं चालायचं, ही अडचण उरते, आणि माझ्या मते सगळ्यात कठीण तीच आहे. विसाव्या वर्षी माणूस आईबापाच्या ताटात जेवून शिकतो. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच्या ताटात चार जण जेवत असतात. 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी अशा 18 व्यवसायांतल्या कारागिरांना प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये मिळतात. शिकणाऱ्या प्रौढाची मजुरी बुडते, हे सरकारने इथे मान्य केलं आहे. पण ते पैसे जो आपल्याच व्यवसायात आहे त्याला मिळतात. ज्याचा व्यवसायच बुडाला आणि जो दुसरा शिकायला निघाला आहे, त्याचीही रोजची मजुरी तितकीच बुडते.