पार्सल डोळखांबचं, सर्व्हर मुंबईचा

छोटे कुरिअरवाले माझ्याकडे येतात ते सॉफ्टवेअरची जाहिरात मोबाइलवर उघडूनच. नकाशावर पळणारी मोटारसायकल, रंगीत आलेख, मालकाला घरबसल्या सगळा धंदा दिसणार. मी विचारतो, पोरांच्या हातात फोन कुठले? शहापूर-मुरबाडकडच्या छोट्या धंद्यात फोन मालक देत नाही, डिलिव्हरीचा पोरगा स्वतःचाच आणतो. एकाचा नवाकोरा, दुसऱ्याचा भावाने वापरून दिलेला. म्हणून मी त्यांतला सगळ्यात जुना फोन मागवतो आणि अ‍ॅप त्यावर चालवून बघतो.

अ‍ॅपला अँड्रॉइडची अमुक आवृत्ती तरी लागते, एवढं विक्रेताही सांगतो. पुढचं सांगत नाही. २०१७च्या अँड्रॉइड ८ पासून पडद्याआड चाललेल्या अ‍ॅपला आपलं ठिकाण तासातून मोजक्याच वेळा कळतं. त्यात बॅटरी वाचवायला काही फोन असली अ‍ॅप बंदच पाडतात. पोरगा टोकावड्याला पोहोचलेला, मालकाच्या नकाशावर अजून सरळगावात. मग दोघांची वादावादी. कामावर असेपर्यंत ज्या अ‍ॅपची सूचना वरच्या पट्टीत दिसत राहते, त्याला ही मर्यादा नसते. पोरांना ती पट्टी कटकट वाटते, मी मुद्दाम मागून घेतो.

खरी परीक्षा रेंजची. वाशिंद, आसनगाव हा रेल्वेचा आणि महामार्गाचा पट्टा; विक्रेता प्रात्यक्षिक तिथेच दाखवतो. डोळखांब, किन्हवलीच्या आतल्या पाड्यांवर त्याचा काय उपयोग? मी फोन एअरप्लेन मोडवर टाकतो. बारकोड वाचायचा, सही घ्यायची, फोटो काढायचा, रोख मिळाल्याची नोंद करायची, अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडायचं. नोंद जागेवर असेल तरच पुढची बोलणी. ‘ऑफलाइन चालतं’ असं सगळेच म्हणतात. काहींच्या लेखी त्याचा अर्थ सकाळची यादी दिसते, एवढाच.

रेंज परतल्यावरचा घोळ त्याहून वाईट. नोंद अर्धवट जाते, अ‍ॅप ती पुन्हा पाठवतं आणि एकाच पार्सलचे पैसे दोनदा जमा दिसतात. संध्याकाळी हिशेब लागत नाही, संशय पोरावर. यावर उपाय जुनाच: प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक द्यायचा, म्हणजे सर्व्हर दुसरी प्रत नाकारतो. वेळही फोनवरचीच धरायची, सर्व्हरवर पोहोचल्याची नव्हे. आणि ओटीपी दारात उभं राहून मागवायचा नाही. पार्सल कार्यालयातून निघतानाच तो ग्राहकाला जावा आणि दारात त्याची पडताळणी फोनच्या आत व्हावी.

पत्त्याचं दुखणं वेगळं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. शहापूर ४२१६०१, मुरबाड ४२१४०१. हे आकडे टपाल कार्यालयापर्यंत आणून सोडतात, पाड्यापर्यंत नाही. नुसत्या गावाच्या नावावर शोधणारं अ‍ॅप त्याहून घातक, कारण शहापूर यादगीर जिल्ह्यातही आहे आणि बेळगावातही. टपाल खात्याने २०२५मध्ये डिजिपिन आणला. दहा चिन्हांचा हा पत्ता अक्षांश-रेखांशावरून निघतो, सुमारे चार मीटरचा चौकोन दाखवतो आणि काढायला इंटरनेट लागत नाही. जीपीएसलाही लागत नाही. नेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला जरा उशीर होतो इतकंच, कारण उपग्रहाची कक्षा फोनला थेट त्याच्याकडूनच ऐकावी लागते आणि त्यात अर्धा मिनिट जातो. पहिल्या डिलिव्हरीला जागा साठवून ठेवणारं आणि शेजारी ‘शाळेमागचा पाडा, विहिरीजवळ’ असं मराठीत लिहू देणारं अ‍ॅप मला लाख मोलाचं वाटतं.

मराठी अक्षरं पडद्यावर नीट दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. खिशातल्या स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये बहुधा देवनागरी नसतेच. पावतीवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उमटतात. अ‍ॅपने पावती चित्र म्हणून पाठवली तर छपाई सावकाश होते, पण नाव वाचता येतं.

राहता राहिलं भाडं. बरीच अ‍ॅप दर माणशी दरमहा पैसे घेतात. आवणीच्या दिवसांत पोरं शेतावर जातात, म्हणजे वापराविना पडलेल्या खात्यांचं भाडं चालू. तेवढ्यापुरती खाती थांबवता येतील का, हे विचारलं की विक्रेते लगेच हो म्हणतात. मी तो हो ई-मेलवर लिहून मागतो. तिथे उत्तर यायला बरेच दिवस लागतात.